उजनीच्या काठी समुद्रकाकडीचा हिशेब

सोलापूरहून पुणे रस्त्याने मोहोळ, टेंभुर्णी मागे टाकले की भीमानगरपाशी उजनीचे विस्तीर्ण पाणी दिसते. समुद्र येथून कितीतरी दूर. तरीही गेल्या हिवाळ्यात या काठावर माझ्या मनात समुद्रकाकडीच घोळत होती.

कारण आदल्याच दिवशी दवाखान्यात आलेली एक बाटली. पंचाहत्तरीच्या आजोबांना परदेशातील मुलाने समुद्रकाकडीच्या कॅप्सूल पाठविल्या होत्या. गुडघ्यांना बळ येते, असे त्याच्या ऐकिवात होते. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ. ‘‘काकडीच ना, म्हणून चार दिवस दिल्या,’’ आजी म्हणाल्या.

वाचकहो, ही काकडी वनस्पती नव्हे. तारामाशाच्या कुळातला, समुद्रतळाशी हळूहळू सरकणारा तो प्राणी आहे. चीनमध्ये तो वाळवून, पुन्हा भिजवून शिजवितात आणि मेजवानीत मानाने वाढतात. ताज्या समुद्रकाकडीत बहुतांश पाणीच. वाळल्यावर प्रथिने भरपूर, स्निग्धांश अल्प. हे खरे असले तरी त्या प्रथिनांत मोठा वाटा कोलॅजेनचा, आणि कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते. शिवाय कॅप्सूलमध्ये भुकटी मावते किती? जेमतेम अर्धा-एक ग्रॅम! तिच्यातील काही घटक प्रयोगशाळेत रक्त गोठण्याची क्रिया मंदावताना आढळले आहेत. आजोबा रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात, म्हणून कॅप्सूल तात्काळ थांबवून मी रक्ततपासणी करविली. ती सुदैवाने ठीक निघाली. आपल्या देशात तर २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने समुद्रकाकडी पकडण्यास व विकण्यास बंदी आहे.

उजनीच्या काठावर होड्या लागल्या होत्या. टोपल्यांत कटला, रोहू, चिलापी. यांच्या १०० ग्रॅम मांसात १७ ते १९ ग्रॅम परिपूर्ण प्रथिने असतात, आणि किंमत आवाक्यातली. आपल्या घरी वृद्ध मासे खात असतील तर काटे मात्र आपण स्वतः निवडून द्यावेत. रोहूचे बारीक काटे कमजोर नजरेला दिसत नाहीत.

माळकऱ्याला हा मार्ग बंद. मूत्रपिंडे चांगली असतील, तर साठ किलो वजनाच्या वृद्धाला दिवसाला सुमारे ६० ग्रॅम प्रथिने लागतात. आजोबांची संध्याकाळ चहा आणि कडक भाकरीच्या तुकड्यावर भागत होती. दोन भाकऱ्यांतून १० ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांतून ७, वाटीभर घट्ट मुगाच्या वरणातून तेवढीच. शेंगांची चटणी आपल्या सोलापूरची शान खरी, पण तिखट-मिठामुळे ती चमचाभरच खाल्ली जाते. म्हणून मी शेंगदाणे उकडून द्यायला सांगितले. सोबत दोन्ही वेळा वाटीभर दही, आणि रात्री भाकरी हुलग्याच्या माडग्यात कुस्करून, म्हणजे कवळीचाही प्रश्न मिटतो.

कॅप्सूलमध्ये काय होते, हे आजोबांना सांगावे की नाही, असे आजींनी मला दोनदा विचारले. शेवटी त्यांनीच सांगितले. पुढच्या एकादशीला दोघे पंढरपूरला गेले आणि आजोबा नवी माळ घालून आले. मुलाला त्यांनी फोनवर एवढेच कळविले, की पुढच्या वेळी येताना बाटली नको, नातवाला आण.