नगरसेवकाचा फळा

शिक्षकाच्या धंद्यात तीस वर्षे घालविलेल्या मनुष्यास कोठेही फळा दिसला की, त्यावरील चुका आधी दिसतात आणि मजकूर मागाहून दिसतो. ही आमच्या धंद्याची व्याधी होय. परंतु इतर धंद्यांतील व्याधींप्रमाणे तीही आम्हांस पुष्कळ दिवस आपला एक गुणच वाटत आली होती. ती व्याधी आहे, हे ज्या फळ्याने आम्हांस शिकविले तो आमच्या महाविद्यालयातला नव्हे. तो पूर्णेच्या स्टेशन रस्त्यावर, एका चहाच्या दुकानाच्या भिंतीस टांगलेला आहे.

हा फळा आमच्या प्रभागाच्या एका नगरसेवकांनी तेथे लावला. निवडून येऊन महिना लोटला नाही तोच त्यांनी कोठून तरी एक जुना फळा पैदा केला, त्याचे उभ्या रेघांनी तीन भाग पाडले, आणि वर ठळक अक्षरांत लिहिले: ‘गाड्या’, ‘सोयी’, ‘नोकऱ्या’. पहिल्या रकान्यात कोणती पॅसेंजर उशिरा धावत आहे, कोणत्या खेड्याची एस.टी. बंद आहे, हे असे. दुसऱ्यात नळास पाणी केव्हा येईल, निराधारांच्या पगाराचे अर्ज तहसिलीत कोणत्या दिवशी घेतात, याची नोंद असे. तिसऱ्यात कोठे किती जागा निघाल्या आणि अर्जाची अखेरची तारीख कोणती, हे लिहिलेले असे. सकाळी सहाच्या सुमारास नगरसेवक स्वतः ओल्या फडक्याने फळा पुसून नवा मजकूर लिहीत. हस्ताक्षर वाटोळे, आणि शुद्धलेखन मात्र अगदी स्वतंत्र बाण्याचे! ‘आज पानी येनार नाही, मोटार जळाली’ हे वाक्य आम्ही प्रथम वाचले तेव्हा पाणी येणार नाही याचे दुःख होण्यापूर्वी ‘पानी’ पाहून आमच्या अंगावर काटा आला, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो.

पूर्णा हे रेल्वेने वाढविलेले गाव आहे. निजामाच्या राज्यात हैदराबाद ते मनमाड ही मीटरगेज लाइन विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली. 1912 साली येथून हिंगोलीकडे फाटा गेला आणि पूर्णा जंक्शन बनली. पुढे तो फाटा वाशीम व अकोल्यावरून खांडव्यास जाऊन मिळाला. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात मुख्य लाइन ब्रॉडगेज झाली, पण अकोल्याचा मार्ग मीटरगेजच राहिला. त्यामुळे या दोन रुळांच्या मध्ये प्रत्येक प्रवाशास पूर्णेस उतरून गाडी बदलावी लागे. त्या बदलण्यावर हमाल, चहावाले, टांगेवाले, खाणावळवाले अशा कितीक जणांची पोटे भरत. 2008 मध्ये अकोल्यापर्यंतचाही रूळ रुंद झाला. प्रवाशाची यातायात संपली आणि तिच्याबरोबर ती पोटेही उघडी पडली. सुधारणेचा हिशेब मांडताना आपण एकच रकाना लिहितो. दुसरा लिहिण्याची आपणांस सवय नसते.

अशा गावात ‘गाड्या’ आणि ‘नोकऱ्या’ हे दोन रकाने म्हणजे एकाच गोष्टीची दोन नावे होत. तथापि आम्हांस त्यांतील विसंगती फार गमतीची वाटे. नगरपालिकेचा कारभार 1965 च्या अधिनियमाने चालतो. त्यात दिवाबत्ती, पाणी, झाडलोट इत्यादी कर्तव्ये सांगितली आहेत. पॅसेंजरची वेळ सांगण्याचे कर्तव्य कोठेही सांगितलेले नाही. गाड्यांची सत्ता सिकंदराबादेच्या दक्षिण मध्य रेल्वेकडे आणि तिच्या नांदेड विभागाकडे, एस.टी.ची महामंडळाकडे, आणि नोकऱ्यांची तर कोणाकडे आहे हे ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही! लॉर्ड रिपन यांच्या 1882 च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावावर आम्ही विद्यार्थिदशेत मोठ्या आवेशाने उत्तरे लिहिली होती. तो ठराव निजामाच्या मुलखास लागू नव्हता ही गोष्ट निराळी. त्या उत्तरांतील नगरसेवक आणि हा खडू घेतलेला नगरसेवक यांचा मेळ आम्हांस काही केल्या बसेना. ज्याच्या हाती सत्ता नाही त्याने बातमी सांगून सत्तेचा आव आणावा, असा त्या फळ्याचा अर्थ आम्ही केला, आणि तो अर्थ चार मित्रांत रंगवूनही सांगितला.

एके दिवशी आम्ही नगरसेवकांस गाठून उपदेश केला. इंग्लंडात रिचर्ड स्टील याने 1709 साली ‘टॅटलर’ काढला, तेव्हा तोही कॉफीगृहांतून बातम्या गोळा करी, येथपासून आम्ही सुरुवात केली. ऐकीव आणि खात्रीची बातमी यांतील भेद, लेखी आधाराचे महत्त्व, आणि शेवटी न आणि ण यांचा विवेक, असे आमचे व्याख्यान सुमारे अर्धा तास चालले. त्यांनी ते उभ्याने ऐकून घेतले आणि म्हणाले, “बरं सर. कागद हातात आल्याबिगर लिहिणार नाही.” आम्ही समाधानाने घरी गेलो.

ही 2018 सालची गोष्ट. त्या वर्षी रेल्वेने ‘ड’ गटाच्या सुमारे 63 हजार जागांची जाहिरात काढली होती, आणि देशभरातून जवळजवळ 1 कोटी 90 लाख अर्ज गेले होते. आमच्या वर्गातील एका मुलीचाही त्यांत एक अर्ज होता. तिचे वडील रुळांवर काम करून निवृत्त झालेले. घरात एकच मोबाईल, आणि तो कामावर जाणाऱ्या भावाच्या खिशात. तिचे परीक्षेचे केंद्र नांदेडास आले होते. पूर्णेहून नांदेड सुमारे 30 किलोमीटर. सोमवारी सकाळच्या गाडीने जाण्याचा तिचा बेत होता.

रुळाच्या कामाकरिता ती गाडी काही दिवस पाऊण तास आधी सुटणार, असे नगरसेवकांच्या कानावर शनिवारी आले. एरवी त्यांनी ते तत्काळ फळ्यावर लिहिले असते. परंतु आमचा उपदेश ताजा होता. कागद हाती नव्हता. त्यांनी खडू खाली ठेवला. स्टेशनातील सूचनाफलकावर नवी वेळ रविवारी रात्री लागली. ती त्या मुलीने पाहिली नाही, आणि पाहण्याचे तिला कारणही नव्हते. कारण रविवारी दुपारी ती स्टेशन रस्त्यावर येऊन फळा वाचून गेली होती, आणि फळ्यावर काहीच बदल नव्हता. सोमवारी ती स्टेशनावर आली तेव्हा गाडी गेलेली होती. मिळेल त्या वाहनाने ती नांदेडास पोहोचली; केंद्राचे दार थोड्याच वेळापूर्वी बंद झाले होते.

1 कोटी 90 लाखांतून एक उमेदवार गैरहजर राहिला. संख्याशास्त्राच्या दृष्टीने काहीच घडले नाही. ती मुलगी मंगळवारी नेहमीप्रमाणे वर्गात येऊन बसली. तिने कोणास दोष दिला नाही. आमच्या व्याख्यानाची तर तिला वार्ताही नव्हती. आम्ही हजेरी घेतली, तिचे नाव उच्चारले, आणि त्या दिवशी कोणता पाठ शिकविला हे आज आम्हांस आठवत नाही.

संध्याकाळी आम्ही चहाच्या दुकानी जाऊन नगरसेवकांस म्हणालो, “यात अपराध आमचा आहे.” ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “अपराध कशाचा सर? तुम्ही सांगितलं ते खरंच हाय. पण एक बघा. मी लिहिलं असतं अन् गाडी जुन्याच टायमाला सुटली असती, तर पोरगी पाऊण तास बाकड्यावर बसून राहिली असती. तेवढंच.”

‘तेवढंच’ या शब्दाने आमचे अर्ध्या तासाचे व्याख्यान निकालात निघाले. खोटी बातमी देणे ही चूक, तशी खरी बातमी दाबून ठेवणे हीही चूकच. पण दोहोंची किंमत सारखी नसते, आणि ती किंमत लिहिणाऱ्यास नव्हे तर वाचणाऱ्यास भरावी लागते. एका चुकीची किंमत पाऊण तासाचे बाकडे, दुसरीची एक वर्ष, कदाचित एक आयुष्य. इतके साधे गणित आमच्यासारख्या पदवीधरास सुचू नये आणि सातवीनंतर शाळा सोडलेल्या मनुष्यास खडू हातात घेताच सुचावे, याचे कारण उघड आहे. आम्ही फळ्याकडे लेखन म्हणून पाहत होतो. ते त्याकडे फळा वाचून स्टेशनाकडे निघणाऱ्या मनुष्याच्या डोळ्यांनी पाहत होते.

तरीही आमचा उपदेश सर्वस्वी वाया गेला असे नाही. दुसऱ्या दिवसापासून फळ्याच्या तळाशी एक आडवी रेघ दिसू लागली. रेघेच्या वर खात्रीचे. खाली ‘ऐकले हाय, विचारून घ्या’. पुढे आणखी एक नोंद तेथे येऊ लागली, तिची तर आम्ही कल्पनाही केली नव्हती: ‘गाडीच्या थांब्यासाठी पत्र दिले. उत्तर नाही.’ पंधरा दिवसांनी पुन्हा: ‘उत्तर नाही.’ आपण काय केले हे सांगणारे पुढारी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. आपल्याने काय झाले नाही हे स्वतःच्या अक्षराने भर रस्त्यात लिहिणारा मनुष्य आम्ही हा एकच पाहिला. ज्यास आम्ही सत्तेचा आव समजत होतो, तो सत्ता नसल्याचा रोजचा हिशेब होता.

2021 च्या अखेरीपासून राज्यातील बहुतेक नगरपालिकांची मुदत संपत गेली, निवडणुका न्यायालयातील वादांत अडकल्या, आणि कारभार प्रशासकांकडे गेला. आमचे नगरसेवक माजी झाले. आता फळा उतरेल असे आम्हांस वाटले; पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता ते ओले फडके घेऊन हजर! आम्ही विचारले तेव्हा म्हणाले, “पद गेलं सर, गाड्या कुठं गेल्या?” मार्च 2023 मध्ये एस.टी.त स्त्रियांस निम्मे भाडे झाले, ते आमच्या घरातील मंडळींस त्या फळ्यावरूनच कळले. डिसेंबर 2025 मध्ये एकदाच्या निवडणुका झाल्या. ते उभे राहिले नाहीत. आता मोबाईलवर प्रभागांचे गट निघाले आहेत. त्यांत शंभर सुप्रभातांमागे एखादी बातमी सापडते. फळ्यावर सुप्रभात लिहिण्यास जागा नाही, हा त्याचा मोठाच गुण म्हटला पाहिजे.

त्या मुलीस पुढे रेल्वेत नोकरी लागली असे लिहावयास आम्हांस फार आवडले असते. पण तसे झाले नाही. ती घरी शिकवण्या घेते, आणि नोकऱ्यांच्या जाहिराती मोबाईलवर पाहून तिसऱ्या रकान्याचा मजकूर आता तीच आणून देते. अखेरच्या तारखेखाली ती दोन रेघा ओढते.

आम्ही रोज फिरावयास जाताना तेथे थांबतो. ‘पानी’ अजून ‘पानी’च आहे, आणि ते आमच्या डोळ्यांस अजून बोचते. पण हल्ली आम्ही ते केव्हा येणार हे आधी वाचतो.