तुमची चाल आहे!

माणसाला एखादा तरी छंद असावा, असं आपण सगळ्यांनीच शाळेत 'माझा आवडता छंद' या निबंधात दहा मार्कांसाठी लिहिलेलं आहे. पण आपण जसा छंद धरतो, तसा छंदही आपल्याला धरतो आणि दिवसाला वीस-पंचवीस ई-मेल पाठवतो, हे काही कुठल्या गाईडमध्ये छापलेलं नव्हतं. ते ज्ञान हॉस्टेलवर मिळालं.

झालं असं, की २८ जुलै २०२५ ला नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली. आपल्या महाराष्ट्राची पोरगी! आमच्या हॉस्टेलला बुद्धिबळाचा ताप चढला. कॅरमबोर्डवर धूळ बसली. मेसमध्ये वरणाची वाटी हा घोडा आणि लोणच्याची बाटली हा वजीर धरून चर्चा सुरू झाल्या. माझा रूममेट धुळे जिल्ह्यातला, साक्रीकडचा. तो तर एका वेबसाइटवर नाव नोंदवून एकाच वेळी बारा डाव खेळायला लागला. हे डाव संथ असतात. एका चालीला तीन दिवसांची मुदत. म्हणजे लेक्चर, प्रॅक्टिकल, सबमिशन सांभाळून खेळता येतं. योजना उत्तम होती.

फक्त समोरच्याने चाल केली की ई-मेल यायचा, "तुमची चाल आहे." बारा डाव आणि प्रत्येकी दिवसाला दोन चाली धरल्या तर चोवीस मेल इथेच झाले. वर "आजचं कोडं सोडवा", "अमुक तुमचा मित्र होऊ इच्छितो", "नवीन स्पर्धा सुरू होत आहे", "तुमच्या आठवड्याचा आढावा" वगैरे. आणि इंटरनल परीक्षेत पठ्ठ्या तीन दिवस तिकडे फिरकला नाही, तर "आम्हाला तुमची आठवण येते"! घरून आईचासुद्धा इतक्या वेळा फोन येत नाही हो.

इथपर्यंत हा सगळा हसण्यावारी न्यायचा विषय होता. पण त्याच इनबॉक्समध्ये त्याच्या शैक्षणिक कर्जाच्या बँकेचाही एक मेल येऊन पडला होता. मागच्या सेमिस्टरची मार्कशीट आणि कॉलेजचं फीचं पत्र पाठवा, मग पुढचा हप्ता सोडू, असा साधा मजकूर. तो अकरा दिवस "तुमची चाल आहे"च्या ढिगाखाली पडून राहिला. उत्तर नाही म्हणून बँकेने अर्जावरच्या दुसऱ्या नंबरवर, म्हणजे त्याच्या वडिलांना, फोन केला. बँकेतल्या माणसाने काय सांगितलं आणि आबांनी काय ऐकलं देव जाणे. पण दुसऱ्या दिवशी कांद्याचं काम तसंच टाकून आबा साक्रीहून धुळे, धुळ्याहून जळगाव अशी एस.टी. बदलत हॉस्टेलच्या गेटवर हजर! रूममेट प्रॅक्टिकलला गेलेला, म्हणून वॉचमनकाकांनी मला बोलावलं. आबांनी टोपी काढून हातात घेतली आणि हळू आवाजात विचारलं, "मन्हा पोऱ्या शिकी ऱ्हायना ना, भाऊ?"

मी म्हटलं, "हो आबा, रोज जातो कॉलेजला. आत्ताही प्रॅक्टिकललाच गेलाय." तरी त्यांचा जीव भांड्यात पडायला पोरगा समोर दिसावा लागला. कागद त्याच दिवशी गेले, आठवड्याने हप्ताही आला. पण आबांचा तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. आलेला मेल दिसत नाही, तर तो न आल्यासारखाच, हे त्या दिवशी कळलं.

आमच्या लायब्ररीतल्या सरांना हा किस्सा सांगितला, तर ते हसले. त्यांनी तरुणपणी पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळलेलं. म्हणाले, "अरे, एका कार्डावर एक चाल. कार्ड जायला चार-पाच दिवस, उत्तर यायला तेवढेच. चाळीस चालींचा डाव वर्षाच्या वर चालायचा. पण पोस्टमन दारात आला की आम्ही पळत जायचो." मी विचारलं, "सर, मग तेव्हा त्रास का नव्हता?" सर म्हणाले, "कार्ड विकत घ्यावं लागायचं ना बाबा!"

सर सहज बोलून गेले, पण सगळ्या प्रकाराचं मूळ यातच आहे. कार्ड पाठवणाऱ्याला पैसे पडायचे, म्हणून तो कामाचंच लिहायचा. ई-मेलमध्ये पाठवणाऱ्याचा खर्च जवळजवळ शून्य आणि वाचण्या-निवडण्याचा वेळ मात्र आपला. ही गोष्ट काही आजची नाही. ३ मे १९७८ ला अमेरिकेत डी.ई.सी. या कॉम्प्युटर कंपनीतल्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकगठ्ठा जाहिरात पाठवली होती. तो पहिला 'स्पॅम' मानतात. आमची बुद्धिबळाची साइट तशी स्पॅमवाली नाही. तिथे आपण स्वतः नाव नोंदवलेलं असतं. पण नोंदणी होताच सगळ्या सूचना आपोआप 'चालू' असतात आणि बंद करायची जागा सेटिंग्जच्या पोटात कुठेतरी असते. मेलला उत्तर द्यावं, तर पत्ताच 'नो-रिप्लाय'. भिंतीशी बोलल्यासारखं!

मग एका रविवारी आम्ही दोघं मेसमधून आल्यावर कामाला बसलो. अर्ध्या तासाचं काम निघालं. तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून क्रमाने सांगतो.

आधी साइटच्या सेटिंग्जमध्ये जा. सूचनांची यादी असते, तिथे ई-मेल आणि मोबाईल यांच्या खुणा बहुधा वेगवेगळ्या असतात. सगळं सरसकट बंद करू नका. पासवर्ड बदलला, नवीन ठिकाणाहून लॉगिन झालं, हे मेल कामाचे आहेत. आम्ही ते ठेवले, चालीची मुदत संपत आल्याची सूचना ठेवली आणि बाकी सगळ्या खुणा काढल्या.

तरीही मेल आले, तर मेलमधलं 'अनसबस्क्राइब' वापरा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये बंद करण्याची सोय देणं बंधनकारक केलंय. जीमेलपुरतं बोलायचं, तर दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणारे यात येतात आणि प्रचाराचे मेल त्यांनी दोन दिवसांत थांबवायचे असतात. 'तुमची चाल आहे' यासारख्या व्यवहाराच्या मेलना मात्र हा नियम लागू नाही. त्यांच्यासाठी सेटिंग्जच गाठावी लागते.

तिसरी गोष्ट फिल्टरची. त्या साइटचा पत्ता टाकून फिल्टर केला, की तिचे मेल इनबॉक्स टाळून थेट 'छंद' नावाच्या लेबलखाली जातात. उलट बँक, कॉलेज आणि प्लेसमेंट सेलच्या पत्त्यांना असा फिल्टर लावा, की मेलला तारा लागेल आणि तो कधीच स्पॅममध्ये जाणार नाही. आमच्या मते हा दुसरा फिल्टर जास्त महत्त्वाचा.

दोन सावधगिरीच्या सूचना. स्वतः नोंदणी केलेल्या साइटला रागाच्या भरात 'स्पॅम' म्हणून खूण केली, तर उद्या पासवर्ड विसरल्यावर येणारा मेलही तिकडेच जाऊ शकतो. आणि जिथे आपण कधीच नोंदणी केली नाही, अशा मेलमधल्या 'अनसबस्क्राइब'वर क्लिक करू नका. त्यातून आपला पत्ता जिवंत असल्याचं समोरच्याला कळतं. तिथे सरळ स्पॅमची खूण करा.

नव्या साइटवर जाताना जीमेलवाल्यांनी आपल्या नावापुढे अधिक चिन्ह टाकून 'चेस' असा शब्द जोडावा. मेल आपल्याकडेच येतो, पण कोणासाठी दिलेला पत्ता आहे ते समजतं. काही साइट तो पत्ता घेत नाहीत. त्यापेक्षा छंदासाठी वेगळाच पत्ता काढला, तर उत्तम.

कोणी म्हणेल, मोबाईलला १९०९ वर डी.एन.डी. करतो तसं का नाही करायचं? तर ती सोय फोन आणि एस.एम.एस.साठी आहे, ई-मेलला लागू नाही. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मात्र एक छान तत्त्व आहे. आपण दिलेली संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. उद्या आपल्यातलेच किती तरी जण अशा साइट आणि ॲप बनवणार आहेत. तेव्हा खुणा आधीच चालू ठेवायच्या की बंद, हे आपल्याच हातात असेल. त्या वेळी गेटवर टोपी हातात धरून उभे असलेले आबा आठवले, तरी पुरे.

रूममेटने बुद्धिबळ सोडलेलं नाही बरं का! बाराचे तीन डाव केलेत आणि रात्री जेवण झाल्यावर साइट स्वतः उघडून बघतो. जिंकतोही अधूनमधून. ज्युनिअर मित्रांना एवढंच सांगणं, की शिष्यवृत्ती, कर्ज, परीक्षा यांच्या फॉर्मवर तुम्ही कोणता ई-मेल दिलाय ते आजच तपासा आणि तो पत्ता दुसऱ्या कशालाही देऊ नका. बाकी चाली सावकाश करा, तीन दिवसांची मुदत असतेच!

– तृतीय वर्ष, कॉम्प्युटर