कमाल किमतीचा रिकामा रकाना

संपादकांनी विषय फोनवरच दिला: "ती पंचवीस हजारांची बादली. त्यावर लिहा, पण लोकांना कळेल असं." दुसरी अट जड आहे. ऑनलाइन विक्रेत्यांना किमती लावून देणं हा माझा धंदा. भिवंडीचे गोदामवाले, पुण्यातले भांडीवाले, सांगलीची एक हळदवाली अशी माझी गिऱ्हाइकं. यातलं निम्मं त्यांच्याही गळी मी अजून उतरवू शकलेले नाही.

बादली अनेकांना आठवत असेल. मे २०२२मध्ये अ‍ॅमेझॉनवर साधी प्लास्टिकची बादली २५,९९९ रुपयांना दिसली. मूळ किंमत म्हणे ३५,९००, त्यावर २८ टक्के सूट! देशभर हसून झालं. तेव्हापासून लग्नकार्यात कोणी ना कोणी मला कोपऱ्यात घेऊन विचारतं, "हे काळ्या पैशाचंच ना गं?"

बहुतेक वेळा नाही. तसं घडलेलंच नाही असं मात्र नाही. २०१८मध्ये अमेरिकेत एका लेखकाच्या नावावर परस्पर एक अर्थहीन पुस्तक काढून ते ५५५ डॉलरना 'विकलं' जात होतं. त्याच्या हाती पडलेल्या करपत्रात जवळपास २४,००० डॉलरची कमाई दाखवली होती. ती त्यानं पाहिलेलीही नव्हती. पण अशा एका प्रकरणावरून प्रत्येक महाग वस्तूत गुन्हा शोधायचा म्हणजे कहर. २०२०च्या जुलैत वेफेअर या फर्निचर कंपनीच्या महागड्या कपाटांना मुलींची नावं दिसली, आणि कपाटांच्या आडून मुली विकल्या जातात अशी आवई उठली. कंपनी सांगत होती की ही कारखान्यांत वापरायची मोठी कपाटं आहेत, किंमत बरोबर आहे. ऐकतंय कोण? मानवी तस्करीविरोधी हेल्पलाइनवर या अफवेचेच फोन इतके आले की खरी गरज असलेल्यांना अडथळा झाला.

आता खरी गोष्ट. माझ्या क्षेत्रातलं सगळ्यात सुंदर प्रकरण २०११चं आहे. 'द मेकिंग ऑफ अ फ्लाय' हे पीटर लॉरेन्स यांचं माशीच्या वाढीवरचं १९९२चं पुस्तक. बर्कलीचे जीवशास्त्रज्ञ मायकेल आयझेन यांच्या प्रयोगशाळेतल्या एकाला ते हवं होतं. अ‍ॅमेझॉनवर जुन्या प्रती ३५ डॉलरपासून होत्या. नव्या दोनच, आणि त्यांची किंमत १७ लाख आणि २२ लाख डॉलरच्या आसपास. आयझेन यांनी रोज आकडे टिपले. पहिला विक्रेता दिवसातून एकदा आपली किंमत दुसऱ्याच्या ०.९९८३ पट करत होता. म्हणजे केसभर स्वस्त, गिऱ्हाईक आपल्याकडे यावं म्हणून. दुसरा मग आपली किंमत पहिल्याच्या १.२७०५८९ पट करायचा. महाग का? आयझेन यांचा तर्क, आणि मलाही तो पटतो: त्याच्याकडे पुस्तक नसणारच. ऑर्डर आली की पहिल्याकडून घ्यायचं, वरचे २७ टक्के आपले.

थोडं गणित करते, कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर जा. दोन्ही आकड्यांचा गुणाकार १.२६८ येतो. म्हणजे रोज जवळपास २७ टक्के वाढ, चक्रवाढीनं. शंभर डॉलरपासून निघालात तरी साधारण ५२ दिवसांत सव्वादोन कोटींच्या पुढे. १८ एप्रिलला किंमत पोचली २,३६,९८,६५५.९३ डॉलरवर, आणि पाठवणावळ वेगळी, ३.९९! मग कुणीतरी माणसानं पाहिलं असावं. दुसऱ्या दिवशी पहिल्याची किंमत १०६.२३ झाली, आणि दुसऱ्याची लगोलग तिच्या १.२७ पट. सूत्रं तशीच राहिली.

या दोघांतला कोणीही लोभी नव्हता, निदान त्या आकड्याइतका तर नव्हताच. दोन्ही सूत्रं एकेकटी शहाणी आहेत. उणीव होती ती एका रकान्याची. किंमत आपोआप बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन मर्यादा घालता येतात, किमान आणि कमाल. किमान रकाना प्रत्येक जण भरतो, कारण तोट्याची भीती. कमाल रिकामा. का, विचारलं तर सगळे एकच उत्तर देतात: "असू दे ना ताई, कोणी घेतलंच तर?" वरची मर्यादा स्वतःहून घालणारा विक्रेता मी क्वचित पाहिला. मार्च २०२०मध्ये सॅनिटायझरसाठी ती सरकारला घालावी लागली, २०० मिलीला १०० रुपये.

दुसरं कारण सूत्राचं नाही, हातानं केलेलं आहे, आणि यावर माझी भांडणं होतात. माल संपला की साठा शून्य दाखवायचा, हा सरळ मार्ग. पण विक्रेत्यांना धास्ती असते की शून्य दाखवलं तर शोधात आपलं पान खाली जाईल, महिनोन्महिने कमावलेली जागा दुसरा घेईल. म्हणून साठा तसाच ठेवायचा आणि किंमत अशी लावायची की कोणी हात लावू नये. मी सांगून दमले की अवाच्या सवा किंमत दिसली तर अ‍ॅमेझॉन ते पान स्वतःच बंद करू शकतं, मग कुठली जागा नि कुठलं काय. सुट्टीवर असल्याचं दाखवायची सोय आहे, ती वापरा. पण बाजारात शेजाऱ्याचा सल्ला फुकट असतो आणि माझा पैसे देऊन, तरी शेजाऱ्याचाच चालतो.

एका गिऱ्हाइकानं होळीच्या तोंडावर पुरणयंत्राला १४,९९९ लावले. एरवी बाराशेचं. माल कारखान्यात अडकला होता. दोन दिवसांनी त्यांचा फोन, आवाजात दिवाळी: "ताई, एक गेलं!" पैसे आगाऊ भरलेले. त्यांनी बोहरी आळीतून एक आणून पाठवलं. मी म्हटलं, खोक्यावर एमआरपी १,६५० छापलाय, त्यावर एक रुपयाही घेणं हा वैधमापन कायद्याखाली गुन्हा आहे, वरचे पैसे परत करा. "मागितले तर देऊ की." कोणी मागितले नाहीत. यंत्र परतही आलं नाही. कोणी घेतलं असेल? घाईत शेवटचा आकडा न पाहणारं, की मुलानं फोनवर सगळं जोडून दिलेलं एखादं म्हातारं माणूस? मी त्यांचं काम अजून करते, हेही लिहून टाकते. त्यांच्या कमाल रकान्यात मी १,६५० भरते, ते सणाआधी पुसतात.

एमआरपीवर लोकांचा भलताच विश्वास. औषधांसारखे अपवाद सोडले तर तो आकडा सरकार ठरवत नाही. बनवणारा किंवा आयात करणारा स्वतःच ठरवतो आणि छापतो. २०१८पासून तो ऑनलाइन पानावरही दाखवावा लागतो. त्याहून जास्त घ्यायचं नाही एवढाच नियम. मुळात किती छापावा, त्याला मोकळं रान. काट मारलेल्या मोठ्या आकड्याशेजारी २८ टक्के सूट दिसते तेव्हा आपण सुटीकडे पाहतो. काट मारलेला आकडा कुठून आला, हे विचारत नाही.

मराठी वाचकांचा नेहमीचा प्रश्न राहिला: चाळीस रुपये छापलेलं, आता न मिळणारं पुस्तक ऑनलाइन साडेचार हजारांना कसं? तिथे तुलनेला दुसरी प्रत नसते, एकट्या विक्रेत्याच्या मनाला येईल तो आकडा, आणि जुन्या पुस्तकावर छापील किमतीचं बंधन तो मानत नाही. पण ती प्रत त्या किमतीला विकली गेली असती तर तुम्हाला दिसलीच नसती. घाई नसेल तर आधी अप्पा बळवंत चौकात विचारून पाहा. तिथला माणूसही तुमच्या डोळ्यांतली हाव पाहूनच दर सांगेल, पण त्याच्याशी निदान भांडता येतं.