चौकटीतला छाप्रा

नागपूर जिल्ह्यातल्या कुहीत बसून जपानी चित्रकथा वाचताना जातीचा विचार मनात यावा, हे वरवर विचित्र वाटेल. पण ओसामू तेझुका यांची 'बुद्ध' ही मांगा, जी 1972 ते 1983 या काळात क्रमशः आली, राजवाड्याआधी छाप्रा नावाच्या शूद्र मुलाची गोष्ट सांगते. जन्म लपवून तो सेनापतीचा दत्तक मुलगा होतो आणि जन्म उघड होताच सगळं गमावतो. 14 ऑक्टोबर 1956 चं, आंबेडकरांच्या धम्मदीक्षेचं नागपूर ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या वाचकाला ही गोष्ट परकी कशी वाटावी? मला वाटतं, चित्रकथेचं बळ तिच्या क्रमात आहे. चेहरा आधी दिसतो, जात नंतर कळते. तोवर आपण त्याच्या बाजूचे झालेलो असतो. दोन चौकटींमधली मोकळी जागाही आपणच भरतो, म्हणून तिथं डोकावणारा पूर्वग्रह आपलाच असतो.

छाप्रा काल्पनिक आहे, परक्याला इथली जात काय कळणार, हा आक्षेप रास्तच. मात्र 1871 मध्ये कायद्यानं दर्जा बदलूनही जपानमधल्या बुराकू समाजाविरुद्धचा भेदभाव संपला नाही. जन्मावरून ठरणारी अस्पृश्यता तिथंही होतीच. शिवाय दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी परधान गोंड शैलीत चितारलेली 'भीमायन' ही आंबेडकरांच्या आयुष्यावरची चित्रकथा 2011 मध्ये आली, तेव्हा हेच माध्यम आपल्या मातीतून बोललं. तरीही एक शंका उरते: पानावरच्या छाप्रासाठी हळहळणारं मन सोयरिकीच्या बोलण्यात कुठं जातं? त्याचं उत्तर पुस्तकाकडं मागणं बरोबर नाही.