बाबांच्या अॅम्बॅसेडरचं मागचं दार

आमच्या बेल्याच्या घरच्या अॅम्बॅसेडरचं काय झालं, असं दोघातिघांनी फोनवर विचारलं. एकेकाला सांगण्यापेक्षा इथंच सविस्तर लिहितो.

गाडी 1971 ची, मार्क टू. बाबांनी ती 1973 साली नागपूरहून सेकंड हँड आणली तेव्हा मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमचं बेला म्हणजे जिल्हा आदिलाबाद, राज्य तेव्हा आंध्र, 2014 पासून तेलंगणा. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, आणि सगळे सोयरे पैनगंगेच्या पलीकडे. त्यामुळे लग्न असो की मयत, गाडी निघालीच. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली आणि पुढची सीट सलग, म्हणून पुढे बाबा, काका आणि मधे एखादं पोरगं. बाया मागे. हा नियम कोणी केला नव्हता, पण मोडलाही कोणी नाही. मागचं डावं दार आईचं. गावातल्या कितीतरी बाळंतिणी रात्री-बेरात्री त्याच दारातून चढून आदिलाबादच्या दवाखान्यात गेल्या. त्यातली एक आमची मोठी ताई.

बाबा गेले आणि गाडी कापसाच्या कोठ्यात उभी राहिली. टायर बसले, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला.

धाकट्या भावाच्या मुलाचं नागपूरला डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत तो कोठ्यात जाऊन आला आणि म्हणाला, "मोठेबाबा, हिची दोन दारी करतो. हॉट रॉड."

मला आधी ते काही खाद्यपदार्थ वाटलं. मग त्यानं मोबाईलवर दाखवलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेतली पोरं जुन्या स्वस्त फोर्ड गाड्या घेत, मडगार्ड वगैरे काढून हलक्या करत, इंजिन तगडं करत आणि मोकळ्या मैदानात पळवत. 1932 ची व्ही-एट फोर्ड त्यांची लाडकी. त्यातल्या दोन दारांच्या कूपे गाड्या हलक्या आणि देखण्या, म्हणून त्यांना मागणी फार. चार दारांच्या सेडानला कोणी विचारत नसे, म्हणून त्या स्वस्त. मग काहींनी सेडानच कापून कूपे करायला घेतली. आपल्याकडे दिलीप छाब्रियांनी अॅम्बॅसेडरवरून 'अॅम्बिएरॉड' केली होती, तीही त्यानं दाखवली. मला ती आवडली नाही. अॅम्बॅसेडरनं अॅम्बॅसेडरसारखं दिसावं.

बँकेत 36 वर्षं काढलेला माणूस आधी कागद काढतो. मी म्हटलं, 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारनं 2021 मध्ये व्हिंटेज नोंदणी आणली आहे. 20,000 रुपये फी, 10 वर्षांची मुदत, वेगळी नंबर प्लेट. पण अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे. बॉडी कापली की ते गेलं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि कंपनीच्या मूळ नोंदींशी विसंगत असा बदल चालत नाही हे सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे ही गाडी रस्त्यावर कधीच आणता येणार नाही.

पोरगा शांतपणे उठला आणि त्यानं बॉनेट उघडलं. आत मॅटाडोरचं डिझेल इंजिन! पेट्रोल परवडेना म्हणून बाबांनी 1984 च्या सुमारास बदलून घेतलं होतं, हे मी विसरलोच होतो. आरसी बुकात त्याची नोंद नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद तपासले आणि घरच्याच गाडीचा हिशेब जुळत नव्हता. मूळ रूप तर बाबांनीच घालवलं होतं. शेवटी ठरलं, गाडी आमच्या शेताच्या वाटेवरच फिरेल, डांबरावर नाही. भावानं मान डोलावली. ताईला विचारायचं राहिलं. खरं म्हणजे राहिलं नाही, मी टाळलं.

काम कोठ्यातच सुरू झालं. मागची दोन्ही दारं काढायची, मधला खांब नऊ इंच मागे न्यायचा, मागच्या दाराचा पत्रा जोडून पुढचं दार तेवढं लांब करायचं, उरलेली जागा पत्र्यानं बंद करायची. ऐकायला सोपं. आदिलाबादहून आलेल्या वेल्डरनं पहिल्याच दिवशी दोन्ही खांब कापले आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तर पुढचं दार लागेना. वर बोटभर फट, खाली पत्र्याला पत्रा घासतो. जीपला खाली चेसिसची वेगळी चौकट असते, अॅम्बॅसेडरला तशी नाही. तळ, उंबरा, खांब आणि टप मिळून तो एकच डबा. खांब काढताच उंबरा मधे खाली बसला. आधी आतून पाईपचे आडवे-तिरपे टेकू मारायचे असतात, मग गॅस कटर हातात घ्यायचा. पुतण्याला हे माहीत होतं. घाईत राहिलं. त्या रात्री तो जेवला नाही. मला मात्र आईचं दार सारखं डोळ्यासमोर येत होतं. भिंतीला टेकवून ठेवलं होतं, काच अर्धी खाली तशीच.

पुढचा महिनाभर मी बेल्यातच राहिलो. मधोमध जॅक लावून उंबरा एक-एक सूत वर घ्यायचा, चौकोनी पाईपचा टेकू मारायचा आणि दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे. टेप धरायचं काम माझ्याकडे. डावा आणि उजवा आकडा सारखा आल्याशिवाय मी पुढचा टाका मारू दिला नाही. शेवटी फरक एका सुतावर आला आणि दार 'खट्' करून लागलं. तो आवाज जुनाच होता. लांब झालेलं दार जड होतं म्हणून बिजागऱ्या दुप्पट जाड केल्या. काचेचा एक धडा मिळाला. टफन काच कापता येत नाही, हिऱ्याची पेन फिरवायचा अवकाश, साबुदाण्यासारखी सांडते. ती मापानंच करून आणावी लागली. सलग सीट काढून दोन सुट्या सीट बसवल्या. पुढची सीट वाकवल्याशिवाय मागे जाणार कसं? त्यासाठी गिअरचा दांडाही खाली आणावा लागला. खर्चाचा आकडा लिहीत नाही, घरची मंडळीही हे वाचतात.

आखाजीला ताई आली. वय 81. तिला कोणीच काही सांगितलं नव्हतं. ती सवयीनं डाव्या बाजूला गेली, आणि जिथं मागच्या दाराची मूठ असायची तिथं तिचा हात गेला. तिथं सपाट पत्रा, नवा काळा रंग. दोन-तीनदा हात फिरवून तिनं माझ्याकडं पाहिलं.

"इथलं दार कुठी गेलं?"

मी म्हटलं, "ताई, गेलं नाही. त्याचाच पत्रा या पुढच्या दारात जोडला आहे." कुठून जोडला तो सांधा तिला दाखवावा म्हटलं तर पोरानं लांबी भरून इतका साफ केला होता की मलाही सापडेना. ती काहीच बोलली नाही. मला वाटलं, आता रडते.

पुतण्यानं पुढची सीट वाकवली. "या मोठ्या आत्या, मागे बसा."

"मले काही असं वाकता येत नाही बाप्पा," ती म्हणाली आणि सरळ पुढच्या सीटवर बसली. या गाडीत पहिल्यांदाच. विहिरीपर्यंत जाऊन परत यायचं होतं. चिंचेपाशी वळताना म्हणे ती पोराला म्हणाली, "बाबाइले इथून असं दिसत होतं काय सारं?"

परत आल्यावर उतरायला तयार नाही. आणखी एक फेरी पाहिजे, आणि धाकट्यानंही यावं. तो पुढच्या दाराशी गेला तर म्हणाली, "तू माग बस." भाऊ 68 वर्षांचा, पोट सुटलेलं. त्याला आत शिरायला पाच मिनिटं लागली, आणि बाहेर काढायला आम्ही दोघं.