आधी जुहूचं बेट बघ, मग डॉमिनिका

भाच्याला डॉमिनिकाला जायचंय. हे खूळ शिरलं जुलै 2023 मध्ये. आपल्या यशस्वी जयस्वालने तिथल्या रोसोच्या मैदानावर पदार्पणाच्या कसोटीत 171 काढले, आणि आमचा हा गडी धावांपेक्षा मैदानामागचे हिरवे डोंगर बघत बसला. कॅरिबियन समुद्रातलं बेट, आकाराने बृहन्मुंबईहून मोठं, वस्ती साधारण 70 हजार. ज्वालामुखीचे डोंगर, दाट रान, आणि तासन्‌तास चढून गेलं की उकळत्या पाण्याचं तळं. "मामा, एकदम अनटच्ड आहे!"

विमानाच्या तिकिटांचा आकडा ऐकला आणि म्हटलं, आधी रिक्षाने जाता येतं ते बेट बघू. वर्सोवा जेट्टीवरून मढ.

रिक्षात बसल्यावर त्याला सांगितलं, की तू आत्ता निघालास तेही बेटच होतं. एकोणिसाव्या शतकातलं जुहू म्हणजे साष्टीच्या पश्चिमेला वाळूचा एक लांबट, अरुंद पट्टा. ओहोटी लागली की लोक पाण्यातून चालत पलीकडे जायचे. पोर्तुगीज त्याला 'जुवें' म्हणायचे. कोकणात, गोव्यात आजही खाडीतल्या बेटाला जुवं म्हणतात, म्हणजे आपण पत्त्यात रोज 'बेट' लिहितो आणि पत्ताच नाही! वस्ती कोळी, भंडारी, आगरी, कुणब्यांची. मग 1890 च्या दशकात जमशेटजी टाटांनी इथे जमीन घेतली. बाराशे एकरांत एकेक एकराचे पाचशे प्लॉट पाडायचे आणि समुद्रकाठी रिसॉर्ट करायचं, असा बेत होता. 1904 मध्ये ते गेले आणि बेत बारगळला. 1932 मध्ये जे. आर. डीं.नी कराचीहून टपालाचं विमान आणलं ते जुहूलाच, पण पावसाळ्यात इथला विमानतळ चिखलात जायचा, म्हणून त्या चार महिन्यांत टाटांची विमानं पुण्याहून उडायची. आजही मोठा पाऊस आणि भरती एकदम आली की जुहूत पाणी तुंबतं, आणि इर्ल्याचे पंप ते उपसत बसतात. खाडी बुजवली तरी पाणी काही आपली वाट विसरत नाही.

वर्सोव्याहून फेरीबोट पाचेक मिनिटांत पलीकडे सोडते. बोटीत माणसं, मासळीच्या टोपल्या, स्कूटर, सगळं एकत्र. रस्त्याने जायचं तर मालाड-मार्वेमार्गे वीस-बावीस किलोमीटरचा वळसा. (मढ 'आयलंड' म्हणायचं, पण रस्ता आहे, हे खरं.) जेट्टीवर उतरलो तर बांबूंवर बोंबील टांगलेले, जाळी पसरलेली, वासाने भाचा आधी दचकला आणि मग खूश झाला. चालत चालत किल्ल्यापाशी गेलो. पोर्तुगीजांचा हा किल्ला मराठ्यांनी 1739 मध्ये घेतला. आता हवाई दलाच्या ताब्यात, त्यामुळे बाहेरूनच बघायचा. खालच्या काळ्या खडकांवर लाटा फुटत होत्या, समोर नुसता समुद्र. भाचा म्हणाला, "मामा, हे असंच राहिलं पाहिजे."

मीही मान डोलावली. कारण खिशात एक निवेदन होतं. वर्सोवा-मढ पूल नको, खारफुटी तुटणार, मढचं जुहू होणार, वगैरे. ओळखीच्या ग्रुपवर फिरत होतं, मी सह्या गोळा करायचं कबूल केलं होतं.

परतताना कोळीवाड्यात एका मावशींकडे सुके बोंबील घेतले. बोलता बोलता निवेदन पुढे केलं. त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माझ्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या," म्हणाल्या. "बोट बंद. रिक्षा करून मालाडपर्यंत गेलो, पोर वाटेतच व्हायची पाळी आली. तुम्ही रविवारचे येता, भाऊ. तुम्हाला बरं वाटतं."

मी काही बोललोच नाही. काय बोलणार? मग त्याच पुढे म्हणाल्या, "पण पूल झाला की बिल्डर येणार, ते बी ठाऊक आहे आम्हाला. तुमच्या जुहूचा कोळीवाडा कुठे राहिलाय सांगा."

बोटीत भाचा गप्प होता. मग फोनवर काहीतरी शोधून म्हणाला, की 2017 मध्ये मारिया वादळाने डॉमिनिकात बहुतेक घरांची छपरं उडवली, पंतप्रधानांच्या घराचंसुद्धा. हे त्याच्या ट्रॅव्हल व्हिडिओत नव्हतं.

निवेदन मी पुढे पाठवलेलं नाही. 'पूल नको' या ओळीवर काट मारलीय आणि खाली पेनाने लिहिलंय: पुलाआधी मढच्या कोळीवाड्याचं सीमांकन करा, बोटी लावायची आणि मासळी वाळवायची जागा कागदावर आणा, आणि पूल होईपर्यंत रात्रीची एक बोट ॲम्ब्युलन्ससारखी तयार ठेवा. मुंबईतल्या कोळीवाड्यांचं सीमांकन वर्षानुवर्षं रखडलंय, हे माहीत असूनच लिहिलंय. ग्रुपवर दोघांनी मला 'बिल्डरचा माणूस' म्हटलं, एकाने पर्यावरणद्रोही.

मढ, मार्वे, एरंगळचे कुणी वाचत असतील तर कॉमेंटमध्ये सांगा, या तीन मागण्यांत काय कमी आहे. येत्या रविवारी मी कागद घेऊन पुन्हा पलीकडे जाणार आहे, सकाळच्या बोटीने. बोंबीलही संपलेत.