तीन फेऱ्यांचा शनिवार

‘मी बारा क्यू.’

‘मी आठ.’

गो या पटावरच्या खेळाच्या क्लबात दोन अनोळखी माणसं भेटली, की नावाच्याही आधी ही ओळख होते. क्यूचा आकडा जितका मोठा, तितका हात कच्चा. तीसच्या आसपास सुरुवात करायची, कमी करत करत एकपर्यंत यायचं आणि तिथून पुढे डॅनच्या पायऱ्या चढायच्या. बारा आणि आठ यांत चारचा फरक. म्हणून बारावाल्यानं पटावरच्या ठरलेल्या ठिपक्यांवर आधीच चार काळ्या सोंगट्या ठेवायच्या, की डाव समसमान. आपलं उणेपण मोठ्यानं सांगावं, ऐकणाऱ्यानं नुसती मान डोलवावी आणि त्याची भरपाई पटावर मांडून दोघांनी खेळायला बसावं, ही मला फार सभ्य गोष्ट वाटते. शाळेत, कचेरीत, नात्यागोत्यात उणेपण झाकण्यातच आपला केवढा जन्म जातो!

इंग्लंडमधल्या शनिवारच्या स्पर्धा मला म्हणूनच प्रिय आहेत. केंब्रिज, ऑक्सफर्ड, बाथ अशा गावांतून त्या भरत आल्या आहेत. एखादा भाड्यानं घेतलेला हॉल, लांबलचक टेबलं, त्यांवर साधे लाकडी पट. जपानमधल्या उंची पटाला कायाचं लाकूड लागतं. पांढऱ्या सोंगट्या शिंपल्याच्या, काळ्या पाटीच्या दगडाच्या. इथं काच नाहीतर प्लास्टिक. पण धरायची रीत तीच: तर्जनीच्या नखावर टेकवून, वरून मधल्या बोटानं दाबून. ठेवताना टक् असा आवाज येतो, आणि सकाळच्या पहिल्या घटकेला हॉलभर ते आवाज पत्र्यावर पडणाऱ्या वळवाच्या थेंबांसारखे सुटे सुटे ऐकू येतात.

दिवसाला तीन फेऱ्या. कुणी कुणाशी खेळायचं, हे मॅकमहन पद्धतीनं ठरतं. ली मॅकमहन हे अमेरिकेतल्या बेल लॅब्जचे संशोधक. युनिक्सवर काम करणारे त्यांना ‘सेड’ या प्रोग्रॅमचे कर्ते म्हणून ओळखतात. त्यांच्या नावाच्या पद्धतीत प्रत्येकाला आपल्या पायरीप्रमाणे सुरुवातीलाच गुण मिळतात, जिंकलं की एकाची भर, आणि पुढची गाठ शक्यतो तितकेच गुण असलेल्याशी. त्यामुळे नवख्याला पहिल्याच फेरीत दिग्गजाचा मार खाऊन घरची वाट धरावी लागत नाही. बाद कुणीच होत नाही. वीस क्यूचा मुलगा आणि चार डॅनच्या बाई संध्याकाळपर्यंत आपापल्या तोडीच्या माणसाशी झुंजत असतात. तिन्ही डाव जिंकणाऱ्याचं कौतुक होतं, मग तो कुठल्याही पायरीवरचा असो.

तुल्यबळ खेळाडूंमध्ये रंग ठरतो एकी-बेकीनं. एकानं मूठभर पांढऱ्या सोंगट्या झाकून धरायच्या, दुसऱ्यानं सम की विषम ते सांगायचं. 19 आडव्या आणि 19 उभ्या रेघा, 361 छेद. एकदा ठेवलेली सोंगटी जागची हलत नाही, फक्त चहूबाजूंनी कोंडली गेली तर उचलली जाते. नियम जवळपास एवढेच. बाकी सारं माणसाच्या स्वभावातून येतं. कुणी कोपरे धरून जपून राहतो, कुणी मध्यावरच्या मोकळ्या जागेवर भरवसा ठेवतो.

मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो डावाचा शेवट. कुणी आधीच हार मानली नसेल तर एक जण ‘पास’ म्हणतो, मग दुसराही म्हणतो, आणि खेळ थांबतो. आता कुठल्या सोंगट्या मेल्या, हे दोघांनी मिळून ठरवायचं. बोट दाखवून विचारायचं, ‘या गेल्या ना?’ आणि ज्याच्या गेल्या, त्यानंच हो म्हणायचं. एवढा वेळ ज्याचा जीव कोंडण्यासाठी डोकं चालवलं, त्याच्याच शब्दावर निकाल! पंचाला क्वचितच उठावं लागतं. मग मोजणी, आणि तीही बहुधा प्रत्येक जण समोरच्याच्या प्रदेशाची करतो, सोंगट्या हलवून दहा-दहाचे नीट चौकोन लावत. त्यानंतर पट रिकामा करून तोच डाव पुन्हा पहिल्यापासून मांडला जातो. जिंकलेला सांगतो, ‘इथं तुम्ही आत शिरला असता, तर माझं काही खरं नव्हतं.’ हरलेल्याचा चेहरा त्या वाक्यानं उजळतो. स्पर्धेचं खरं फळ मी यालाच म्हणेन.

जपानी खेळाडू इवामोतो काओरू यांना हे उमगलं असावं. ऑगस्ट 1945 मध्ये होनिन्बो या जपानमधल्या मानाच्या किताबासाठी हाशिमोतो उतारो यांच्याशी त्यांचा दुसरा डाव हिरोशिमाच्या बाहेर, इत्सुकाइचीत चालला होता. 6 तारखेच्या सकाळी शहरावर अणुबाँब पडला. धक्क्यानं पटावरच्या सोंगट्या उधळल्या. दोघांनी त्या पुन्हा जागच्या जागी मांडल्या आणि डाव त्याच दिवशी पुरा केला. इवामोतो पाच गुणांनी हरले. किताब पुढच्या वर्षी त्यांनाच मिळाला. तरुणपणी हा माणूस ब्राझीलमध्ये कॉफीची शेती करून आला होता. म्हातारपणी त्यानं आपली पुंजी परदेशी गो केंद्रांसाठी दिली: साव पावलो, न्यूयॉर्क, सिएटल आणि ॲमस्टरडॅमजवळचं ॲमस्टेलवेन. सामान्य माणसांना येऊन बसता येईल अशा जागा. युद्ध पटाजवळून पाहिलेल्या माणसानं पैसा इथं लावावा, याचं मला नवल वाटत नाही.

मार्च 2016 मध्ये सोलला अल्फागो या संगणक-प्रोग्रॅमनं नामवंत कोरियन खेळाडू ली सेडॉलना 4-1 हरवलं, तेव्हा आता या खेळात राहिलं काय, असं पुष्कळांना वाटलं. क्लबांत उलटंच घडलं. कोपऱ्यातल्या तीन-तीनच्या छेदावर इतक्या लवकर शिरू नये, असं नवख्यांना बजावून सांगितलं जायचं. यंत्रांनी ती खेळी सुरुवातीलाच खेळून दाखवली. आता बारा क्यूचा मुलगाही दहाव्या खेळीला बेधडक तिथं घुसतो. जन्मभर उलटं शिकवत आलेले आजोबा डाव संपल्यावर त्या छेदावर बोट ठेवतात आणि विचारतात, ‘हे चालतं कसं, सांग बघू.’ मुलगा दोन-चार सोंगट्या मांडतो, अडतो, पुसून पुन्हा मांडतो. आजोबा तिसरीच वाट दाखवतात. तिसऱ्या फेरीच्या जोड्या भिंतीवर लागल्या आहेत, कुणीतरी दोघांची नावं पुकारतंय, आणि दोघांपैकी एकाचंही तिकडे लक्ष नाही.